सणाच्या दिवशी वाजलेली मयताची घंटा

एकदा एका गावात घंटा वाजवणारे एक वृद्ध गृहस्थ राहत होते. गाव वसईकडचे, समुद्राला पाठ लावून बसलेले, केळीच्या आणि भाजीच्या वाड्यांत बुडालेले. मधोमध चर्च, आणि चर्चच्या मनोऱ्यात एक अजस्र घंटा. वृद्धांचे नाव इनास. सारा गाव त्यांना इनासबाबा म्हणे. सकाळच्या मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या उपासनेची घंटा, सांजप्रार्थनेची, लग्नाची, सणाची आणि मयताचीही, सगळ्या त्यांच्याच हातच्या. शहाण्या माणसाने सतत उपदेश करावा अशी आपली समजूत असते. इनासबाबा उपदेश करत नसत. काही विचारले तर "बघू" म्हणत, आणि खरोखरच बघत बसत.

ही गोष्ट मी आज मुद्दाम सांगतो आहे, कारण समोर सगळे शिकवणारे बसले आहेत. कोणी शाळेत गणित शिकवते, कोणी तबला, कोणी पोहणे, कोणी घरी सुनेला स्वयंपाक. या शेवटच्या शिक्षिका सर्वांत कडक असतात, ते असो. गोष्ट घंटेची आहे, पण ऐकताना आपापला वर्ग डोळ्यांसमोर ठेवा.

आधी त्या घंटेविषयी थोडे सांगायला हवे, नाहीतर पुढची फजिती कळायची नाही. मोठी घंटा हलवायची म्हणजे खालून दोर ओढायचा. दोर खाली येतो, घंटा झोका घेते, आणि मग दोर आपला आपण वर जाऊ लागतो. त्या वेळी आपला हातही त्याच्याबरोबर वर जाऊ द्यायचा. हे ऐकायला सोपे वाटते. पण मणामणाचे पितळ डोक्यावर हिंदकळत असते, दोर हातातून खेचला जात असतो, आणि नवशिका माणूस घाबरून दोर घट्ट धरून ठेवतो. धरला की झोका मोडतो. मग एक टोल पडतो, बराच वेळ काहीच नाही, मग कसाबसा आणखी एक टोल. आणि पंचाईत अशी, की त्या गावात मयताची घंटा अगदी अशीच वाजते. एक टोल, दीर्घ शांतता, पुन्हा एक टोल.

गाणे शिकणारा दार लावून बेसूर गाऊ शकतो. घंटा शिकणाऱ्याला दार नसते. त्याची पहिली चूक सगळ्या गावाच्या कानावर जाते. म्हणून तिथे एक जुना रिवाज होता. नवा माणूस शिकायला आला, की शिकवणाऱ्याने आधी शिडीने मनोऱ्यावर चढायचे, घंटेच्या आतल्या लोलकाला गोणपाट गुंडाळायचे आणि सुतळीने आवळून बांधायचे. मग खाली शिकणाऱ्याने हवे तितके चुकावे. वर नुसता धप् धप् आवाज होई, कबुतरांखेरीज कोणाला कळत नसे. शिकवणी संपली की पुन्हा वर चढून गोणपाट सोडायचे. हे काम शिकवणाऱ्याचे, शिकणाऱ्याचे नव्हे.

आता बाबा थकले होते. त्यांनी फादरांना सांगून टाकले होते, "यंदाच्या सणाची घंटा मी वाजवीन, ती शेवटची. पुढचं रुजारने बघायचं." रुजार हा त्यांचा शिष्य. पस्तिशीचा, टेम्पो चालवणारा, उमदा माणूस. घंटा अशी वाजवायचा, की म्हातारी माणसे म्हणत, बाबांच्या पाठोपाठ हाच. पण बाबा त्याला म्हणाले, "वाजवता तुला येतं. शिकवता येतं का, ते बघू."

गावात शिकणारे तरी कुठे होते! वेळ मोबाइलवर कळते, घंटा हवी कशाला, असा सगळ्यांचा सूर. चर्चच्या समितीतले काहीजण तर म्हणू लागले होते, की कर्णा लावू आणि घंटेचा आवाज ध्वनिमुद्रित करून लावू, कटकट मिटली. फादरांनी प्रवचनात विनंती केली तेव्हा काही तरुण आले, हाताला फोड आले तसे गळाले. टिकली फक्त सेसिलबाय. वाडीत भाजी पिकवणारी, चाळिशी उलटलेली, बोलायला लाजरी बाई. त्या गावात दोराला बाईचा हात कधी लागला नव्हता, त्यामुळे आधीच लोक गालातल्या गालात हसत होते. पण तिला मनापासून शिकायचे होते. "लहानपणापासून घंटेवर उठतेय," ती म्हणायची. "एकदा माझ्या घंटेवर गाव उठावं, एवढंच." ही इच्छा तिने फक्त बाबांना आणि रुजारला सांगितली होती.

सुरुवातीला रुजार रोज मनोऱ्यावर चढायचा, गोणपाट बांधायचा. सेसिलबाय दोर धरून ठेवायची. रुजार सांगायचा, "सोडा, सोडा, वर जाऊ द्या!" ती म्हणायची, "हो, हो," आणि पुन्हा धरायची. रोज तेच. बाबा शिकवत तेव्हा शिकणाऱ्याच्या समोर उभे राहून त्याच्या हातांवर आपले हात ठेवत आणि दोराबरोबर दोघांचे हात वर नेत. रुजार मात्र हाताची घडी घालून भिंतीला टेकून उभा राही. त्याचा धीर सुटत चालला होता. येणाऱ्याला न येणाऱ्याचा राग का येतो, हे मला अजून कळलेले नाही, पण येतो खरा.

आणि एका दुपारी त्याने गोणपाट बांधलेच नाही. शिडीपर्यंत गेला, वर पाहिले आणि माघारी आला. सेसिलबायला काही बोलला नाही. "करा सुरू," एवढेच म्हणाला.

तिने दोर ओढला. घंटा दणदणीत वाजली. अरे देवा! ती दचकली, भ्याली, आणि भ्यालेला माणूस करतो तेच तिने केले. दोर गच्च धरला. घंटा अडखळली. शांतता. मग एक टोल. पुन्हा शांतता. पुन्हा एक टोल.

गावात त्या दिवसांत कायतानबाबा नावाचे एक वृद्ध अंथरुणाला खिळून होते. कोणाला शंका घ्यायचे कारणच उरले नाही. वाडीतल्या बायका खुरपी टाकून धावल्या. दुकानदाराने फळी लावली. कायतानबाबांची लेक पलीकडच्या पाड्यात दिलेली, ती पायात चप्पल न घालता ऊर बडवत, रडत आली आणि दारातून "बा रे!" अशी किंकाळी फोडून आत शिरली. आत कायतानबाबा पेज फुंकून फुंकून पीत होते. त्यांनी मान वर करून विचारले, "कोण गेलं गं?"

झाले! गावाला आयते कोलीत मिळाले. सेसिलबाय बाजारात भाजी घेऊन बसली की गिऱ्हाईक विचारी, "काय सेसिल, आज कोणाचा नंबर?" कायतानबाबांची लेक तिच्याशी बोलेनाशी झाली. पोरांनी तिचे नाव मयतबाय ठेवले. एका टारगटाने ते तिच्या कुंपणाच्या फळीवर खडूने लिहिलेसुद्धा. सेसिलबाय चर्चमध्ये मागच्या बाकावर बसू लागली आणि मिस्सा संपायच्या आत उठून जाऊ लागली. दोराच्या दिशेने तिने पुन्हा पाहिले नाही.

बाबांनी रुजारला विचारले, "गोणपाट?"

"राहून गेलं, बाबा."

"बघू," बाबा म्हणाले.

काठी टेकत ते सेसिलबायच्या घरी गेले. ती दारात उभी राहिली, डोळे पुसत म्हणाली, "बाबा, मला ते जमायचं नाही. दोर हातात घ्यायचा विचार केला, की ती कायतानबाबांची लेक दिसते, अनवाणी धावत येणारी. लाजेनं मेल्यासारखं होतं. नका सांगू मला." बाबांनी आग्रह केला नाही. परत आले आणि दिवसभर ओट्यावर बसून राहिले.

सणाचा दिवस उजाडला. बाबांची शेवटची घंटा म्हणून माणसे लांबून आली होती. कोणी मुंबईहून, कोणी कुवेतहून रजा काढून. अंगणात मांडव, बँडवाले, नव्या कपड्यांतली पोरे. बाबांची नात मोबाइल धरून मनोऱ्याखाली सज्ज होती, आजोबांच्या घंटेचा आवाज जन्मभर जपून ठेवायला. रुजार बाबांच्या शेजारी उभा होता. अभिमानाने त्याचा ऊर भरून आला होता.

बाबांनी दोर हाती घेतला. पहिले टोल पडले, आणि काय सांगू! म्हाताऱ्याच्या अंगात एवढे बळ कुठून आले कोणास ठाऊक. टोलामागून टोल, एक विरायच्या आत दुसरा. अंगणातल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. कुवेतवाला तर उघड उघड रडत होता.

आणि मध्येच घंटा अडखळली. शांतता. एक टोल. दीर्घ शांतता. पुन्हा एक टोल.

सणाच्या दिवशी मयताची घंटा! सगळा गाव अंगणातच होता, म्हणून कोणी धावले नाही. लोकांनी एकमेकांकडे पाहिले. मग कोणीतरी खुदकन हसले, आणि ते हसू मांडवभर पसरले. बाबा कपाळ पुसत बाहेर आले तेव्हा एकजण ओरडला, "बाबा, कोण गेलं हो?"

"माझा हात गेला," बाबा म्हणाले, आणि खुर्चीवर बसले.

त्या दिवशी जेवणाच्या पंगतीला दुसरा विषय नव्हता. "म्हातारा संपला." "अहो, स्वतःचीच वाजवून घेतली!" "वेळेवर सोडायला हवं होतं, हाव बघा माणसाची." नातीने टिपलेला आवाज संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाच्या मोबाइलवर पोहोचला, थेट कुवेतपर्यंत गेला. रुजारने खाली मान घालून भात चिवडला. त्याला आपल्या गुरूची लाज वाटत होती. कोणी शेजारी येऊन बसले तर हा उठून दुसरीकडे जाई.

पण एक गोष्ट त्याला स्वस्थ बसू देईना. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाबांच्या ओट्यावर गेला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "बाबा, मी तुमच्या शेजारी होतो. तुमचा हात गेला नाही. तुम्ही दोर धरून ठेवलात. मुद्दाम."

"बैस," बाबा म्हणाले. "आधी तू सांग. गोणपाट राहून गेलं होतं?"

रुजार बसला. शेवटी म्हणाला, "नाही बाबा. मी बांधलं नाही. वाटलं, चार लोकांनी ऐकलं की लाजेनं तरी शिकेल."

"एवढंच?"

रुजारचे कान लाल झाले. "आणि... लोकांना कळावं, की हे येरागबाळ्याचं काम नाही. मला येतं ते किती अवघड आहे, हे कळावं."

बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते, असे रुजारला वाटले.

"हे बघ," बाबा म्हणाले, "घंटेतून निघालेला आवाज परत बोलावता येत नाही. सेसिलची चूक घराघरात जाऊन बसली होती. मी लोकांना हात जोडून सांगितलं असतं, हसू नका, तर आणखी हसले असते. मग एकच वाट उरली. तिच्या चुकीवर तिच्याहून मोठी चूक आणून टाकायची. गावाला एका वेळी एकाच माणसाला हसता येतं, रुजार. काल संध्याकाळपासून मयतबाय हे नाव ऐकलंस का कुठे?"

रुजारने ऐकले नव्हते. कालपासून सगळीकडे बाबाच होते.

"पण बाबा, तुमची शेवटची घंटा! जन्मभर कधी चुकला नाहीत. आता लोकांना हीच लक्षात राहणार!"

"राहील. त्याचं वाईट वाटतं," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज जरा ओला झाला होता. "रात्रभर वाटलं. नातीचं तोंड बघवलं नाही. पण ती बाई तुझ्यावर विश्वासून दोराला हात लावत होती. शिकणाऱ्याची चूक झाकणं हे शिकवणाऱ्याचं काम. तू झाकली नाहीस, म्हणून तुला शिकवणाऱ्याला झाकावी लागली."

रुजारने त्यांचे पाय धरले. रडला. मग ताडकन उठून म्हणाला, "मी आत्ता जाऊन सगळ्यांना सांगतो! फादरांना सांगतो, माइकवरून सांगतो, की बाबांनी मुद्दाम..."

"खबरदार," बाबा म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांनी रुजारवर कधी आवाज चढवला नव्हता. "ते सांगितलंस तर माझी चूक पुसली जाईल आणि तिची एकटीची उरेल. मग मी काल काय केलं? माझ्याविषयी गप्प राहायचं. लोक मला हसतील, तू ऐकायचंस. तुझं जे आहे, तेवढंच तिला सांग."

रुजार निघाला. वाटेत दुकानदाराने हाक मारली, "काय रे, तुझ्या गुरूनं शेवटी माती खाल्ली ना!" रुजारच्या जिभेवर उत्तर आले होते. ते त्याने गिळले आणि पुढे गेला. तुम्ही कधी असे उत्तर गिळले आहे का? फार कडू असते.

सेसिलबाय वाडीत माठाच्या जुड्या बांधत बसली होती. रुजार समोर उभा राहिला.

"सेसिलबाय, त्या दिवशी गोणपाट मी बांधलं नव्हतं."

"ठाऊक आहे. विसरलात. माणूस विसरतो."

"विसरलो नव्हतो. मुद्दाम नव्हतं बांधलं."

तिचे हात थांबले. तिने त्याच्याकडे पाहिले. मग हळूच म्हणाली, "विसरलेल्या माणसाला मी केव्हाच माफ केलं होतं. आता या माणसाचं काय करू?"

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे त्याला झाले. "मला माफ करू नका," तो म्हणाला. "पण घंटा सोडू नका."

तिने पुन्हा जुडी बांधायला घेतली. बांधताबांधता, त्याच्याकडे न बघता, विचारले, "काल बाबांचं... मी मागून ऐकलं. खरंच त्यांचा हात गेला का हो?"

रुजारला बाबांचे 'खबरदार' आठवले. "तुमचं जिथं अडलं, तिथंच त्यांचं अडलं," तो म्हणाला. हे खोटे नव्हते.

"बाबांचं? माझ्यासारखंच?"

"अगदी तुमच्यासारखंच."

तिने जुड्यांची टोपली बाजूला सारली, हात पदराला पुसले आणि उठली.

"कुठे?" रुजारने विचारले.

"कुठे काय? बाबांकडे. लोक कसे हसत होते त्यांना! शेवटचा दिवस, आणि हे असं. मला ठाऊक आहे तेव्हा काय होतं ते. मला भेटायला ते काठी टेकत आले होते. आता त्यांच्यापाशी कोणी बसायला नको का?"

ती पुढे चालली, रुजार मागे. वाटेत कायतानबाबांचे घर लागले, दुकान लागले, चर्च लागले. ती मान वर करून चालली होती, कारण तिला स्वतःची आठवणच नव्हती. तिला बाबांची काळजी लागली होती. रुजार मात्र एकेका घरासमोरून खाली मान घालून जात होता.

बाबा ओट्यावरच होते. सेसिलबाय त्यांच्या शेजारी टेकली. तिने त्यांचा सुरकुतलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"बाबा, मनाला लावून घेऊ नका," ती म्हणाली. "होतं असं."

बाबांनी तिच्याकडे पाहिले. "होतं ना गं?"

"होतं. मी उद्यापासून येते पुन्हा. तुम्ही नुसते शेजारी बसा, दोर मी ओढते. माझंही अडेल, तुमचंही अडलं होतं. त्यात काय एवढं?"

बाबांनी मान डोलावली. रुजार ओट्याच्या पायरीखाली उभा होता. त्याला वर यायचे धैर्य झाले नाही. "मनाला लावून घेऊ नका, होतं असं." किती साधे वाक्य! त्या दुपारी, घंटा थांबल्यावर, त्या बाईला ते त्याने म्हणायला हवे होते. ते सुचायला त्याला गुरूची जन्मभराची अब्रू खर्ची घालावी लागली, आणि म्हणून दाखवायलाही पुन्हा तीच बाई यावी लागली.

उद्या वर्गात कोणी चुकेल, तेव्हा हे वाक्य आपण वेळेवर म्हणू या.